पंपघरातलं ओलं पोतं

'ऑपरेटरने पेटीवर ओले पोते टाकल्याने बिघाड.' रिपोर्टमधली ही ओळ वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑपरेटर म्हणजे आमचे दोधूआबा. सारंगखेड्याच्या पाणी संस्थेचा पंप एकोणीस वर्षं सांभाळणारा माणूस. त्यांना सोमवारपासून घरी बसवायचं ठरलं होतं.

झालं होतं असं. वरच्या टाकीत पाणी किती, ते तिथलं यंत्र रेडिओवरून पंपघरातल्या पेटीला कळवतं. टाकी भरली की पेटी पंप बंद करते. आबा दशक्रियेला दोन दिवस ब्राह्मणपुरीला गेले, आणि दोन्ही दुपारी पेटीनं रिकामी टाकी भरलेली दाखवली. पंप बंद, केळी करपली. मग पेटी बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आले, तेही सकाळी सातला, गारव्यात. पेटी ठणठणीत. आबा परत आले होते, पोतं पेटीवर होतं. साहेबांनी त्याचा फोटो काढला, आबांचं नाव लिहिलं आणि चहा पिऊन गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

अहो, मे महिन्यात आमच्याकडे माठापासून केळीच्या घडापर्यंत सगळ्यावर ओलं पोतं पडतं. पेटी हाताला चटका देते म्हणून आबांनी तिच्यावरही टाकलं. ती बंद डब्यातली, आत थेंब जायचा नाही.

मी शहाद्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. चेअरमन योगेंद्रभाईंना म्हटलं, संस्थेची बैठक दुपारी दोनला पंपघरातच घ्या, साहेबांनाही बोलवा. पत्र्याखाली सगळे घामाघूम झाले. पेटीवर आज पोतं नव्हतं. टाकी अर्धी, आणि पेटी म्हणते 'भरली'. साहेब दाराकडे बघू लागले.

मग मी सोडलं नाही. टाकीवरचं यंत्र शून्य आणि एक असे अंक एकामागून एक पाठवतं. पेटीनं प्रत्येक अंक त्याच्या मधोमध वाचायचा. हिच्यातलं घड्याळ स्वस्तातलं, तापलं की मागे पडतं. पहिले अंक नीट येतात, शेवटी शेवटी भलताच अंक वाचला जातो. आपल्या जत्रेतला घोडा दर ठेक्याला ढोल ऐकून पाय सावरतो. ही एकदाच ढोल ऐकते आणि पुढे मनानंच नाचते. येणाऱ्या सिग्नलवरून वेळ पुन्हा पुन्हा जुळवून घ्यायची, एवढंही कंपनीनं केलं नाही. आणि खापर कुणावर फोडलं, तर ज्यानं पेटी गार ठेवली त्याच्यावर.

मी ओढणी माठातल्या पाण्यात भिजवून पेटीवर टाकली. पाव तासानं पेटीवर 'अर्धी' आलं.

योगेंद्रभाई घसा खाकरून म्हणाले, आबा, नवी पेटी येईस्तोवर पोतं टाकत जा. आबा इतका वेळ कोपऱ्यात हात बांधून उभे होते.

"पोतं टाकसू," ते म्हणाले. "पहिले त्या कागदवरनं मन्हं नाव खोडा."

साहेब खिसे चाचपू लागले. पेन मी दिलं.