एका तासाची वाट

"तिरडीले हात लावू नोका. माहा देवीदास येऊन राहिला. एका घंट्याचं तं काम हाये!"

माणिकबाई दारात आडवी उभी होती आणि आमची अख्खी माळ्यांची गल्ली अंगणात मान खाली घालून बसली होती. तिचा नवरा महादेवराव सकाळीच गेला. दिवस कलला तरी ती त्याला उचलू देईना. अग्नी द्यायचा तर एकुलत्या एका पोरानेच, हा तिचा हट्ट.

पोरगा देवीदास पलटणीत, पार लेहला. स्वराज्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. बापाच्या आजाराची तार अकोल्याहून गेली होती, पण उत्तर नव्हतं. हा एक तास मात्र भगवंताने घरात आणला. भगवंता म्हणजे माणिकबाईच्या बाळापूरच्या बहिणीचा मुलगा, देवीदासच्याच पलटणीतला, रजेवर आलेला. खाटेवर पडल्यापडल्या महादेवरावाने त्याला विचारलं, "लेहवरून सिरीनगर किती लांब रे?"

"पायी निगालं तं पंधरा दिवस, मावसाजी. इमानानं एक घंटा."

म्हातारा हसला. जन्मभर त्याने बार्शीटाकळीहून अकोल्याच्या बाजारात वांगी आणि मेथी नेली होती. "म्हंजे माही गाडी अकोल्याले पोचाच्या आंधी पोरगं इमानातून खाली!" मग येईल त्याला तो हेच सांगत सुटला. त्या तासाच्या आधी काय आणि नंतर काय, हे त्याने विचारलं नाही, भगवंताने सांगितलं नाही. आम्हीही माना डोलावल्या. मोठे शहाणे आम्ही!

"वयनी, दिवस बुडाल्यावर अग्नी देता येत नाई," दीर जानराव काकुळतीला येऊन म्हणाला.

"मंग रातभर ठेवू."

तेव्हा भगवंता उठला आणि तिच्या पायाशी जाऊन बसला.

"मावशी, तो घंटा फक्त लेहवरून सिरीनगरपरेंतचा. तथून पुढे मोटर, मंग रेल्वे. चार-पाच दिवस लागतेत. अन् आभाळ आलं तं इमान उडतच नाई."

माणिकबाईने वर पाहिलं. "आभाळ तं साफ हाये."

"इथलं हाये, मावशी."

माणिकबाईची नजर नवऱ्याच्या देहाकडे गेली.

"मंग त्याइले तसं काहून सांगतलं?"

"त्याइले बरं वाटावं म्हून."

"वाटलं रे बापा. लय बरं वाटलं." एवढं बोलून ती दारातून बाजूला झाली. मला तिच्याकडे बघवेना.

जानरावाने विस्तवाचं मडकं हाती घेतलं. आम्ही तिरडी खांद्यावर घेतली तशी ती पुन्हा पुढे आली.

"हळू न्या. एक घंटा तरी लागू द्या."

नदीकाठचं मसण आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. वाटेत तिरडी एकदाच टेकवायची, विसाव्याला, अशी आमच्याकडे रीत. त्या दिवशी आम्ही ती दर वळणावर टेकवली, खांदे बदलले, उगाच थांबलो. दुपारपासून घाई करणाऱ्यांपैकी एकानेही चला म्हटलं नाही.

नदीवर पोहोचलो तेव्हा ऊन पाण्यावरून उतरत होतं. चितेभोवती फिरण्याआधी जानरावाने एकदा गावाच्या वाटेकडे वळून पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.