शंभरावा सभासद

फुटबॉल लीगच्या पैशांची वाटणी सभासदांच्या संख्येवर व्हायची. पलीकडच्या बड्या क्लबाचे सभासद आठ हजार, म्हणून त्यांना दिवे, हिरवळ आणि गुडघ्यांसाठी वेगळा डॉक्टर. इकडच्या क्लबाला दोन चेंडू आणि एक जाळी. मैदानाला गोल दोन असतात, हे लीगला कोण सांगणार? बळी तो कान पिळी. त्यातून सभासद शंभराच्या खाली गेले, की लीगमधूनच नारळ.

इकडे बरोबर शंभर होते. निदान सेक्रेटरी तसं सांगायचा. तो पेशाने चष्मेवाला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं चढवली, की तेवढ्यात अर्जावर सही घ्यायचा, कारण त्या वेळी कोणाला पळता येत नाही. तरीही खरे सभासद नव्याण्णवच. शंभरावे त्याचे वडील, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचं नाव खोडायला त्याचा हात धजत नव्हता.

यंदा लीगचा तपासनीस दुकानात येऊन यादी घेऊन बसला.

"हे ब्याण्णव वर्षांचे गृहस्थ सामन्यांना येतात?"

"एकही चुकवला नाही त्यांनी."

"मग बोलवा त्यांना. सही घेतो."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांच्या नावाने आणखी खोटं बोलायला जीभ रेटेना. "वारले ते," तो म्हणाला. "नाव यादीत मीच ठेवलं."

तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्याने नाव खोडलं आणि शंभरावा सभासद आणायला पाच वाजेपर्यंत मुदत दिली.

चष्मेवाल्याने गल्ली पालथी घातली. शिंपी, न्हावी, दातांचा डॉक्टर, सगळे बड्या क्लबाचे.

"तिथे तुला कुत्रं तरी विचारतं का?"

"नाही, पण कॅलेंडर देतात," न्हावी म्हणाला.

साडेचारला तो पडलेल्या चेहऱ्याने दुकानावरच्या घरात आला. आई मटार सोलत होती.

"बाबांचं नाव खोडलं, आई."

तिने मटारांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "अर्ज आण."

"तुझा? तू तर क्लबाला सवत म्हणतेस."

"म्हणतेच. चाळीस वर्षं दर रविवारी मला टाकून तिच्याकडे जायचे. काय आहे तिच्यात, ते बघू दे एकदा."

पाचला दहा कमी असताना सही झाली आणि क्लब वाचला.

रविवारी आई मैदानावर आली. संघाने चार गोल खाल्ले, त्यातला एक आपल्याच माणसाने मारला. तिसऱ्या गोलला ती उठून उभी राहिली आणि तिने गोलकीपरचा असा उद्धार केला, की पंचानेही मागे वळून पाहिलं. चष्मेवाल्याला कुठे तोंड लपवावं कळेना.

सामना संपला तेव्हा तिचा आवाज पार बसला होता.

"हे बघायला यायचे?"

"हो. भर पावसातसुद्धा."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"एकदा तरी चल म्हणायचं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी आले असते."