एकदाच वाजलेले मेण

मित्रांनो, मी एक जुनी मेणाची तबकडी आहे. ग्रामोफोनवर वाजते ती काळी, कडक तबकडी वेगळी. तिचा साचा ज्या मऊ मेणावरून निघतो, ती मी. आता किन्हवलीला एका फळीवर पडून असते.

१९३८ साली जयराम मास्तरांनी मला आणले. शाळेची नोकरी सोडून त्यांनी 'कोंब' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. ज्यांचा आवाज कोणी कधी भरून घेतला नाही, अशाच नव्या पोरापोरींना ते बोलावत. महिनाभर घरी ठेवून घेत, जेवू घालत, सराव करून घेत आणि मगच भोंग्यासमोर उभे करत. मेण मऊ व्हावे म्हणून मला आधी कंदिलाच्या उबेला ठेवत. भोंग्यात कोणी गायले की सुई थरथरे आणि तो आवाज माझ्या अंगावर बारीक चरी होऊन उमटे. मुंबईच्या कारखान्यात त्याचा साचा निघे. परत आले की मास्तर मला तासून पुन्हा कोरी करत. असे चार आवाज मी अंगावर वागवले. त्यातला एक मुरबाडच्या बाजारात वाजला, तेव्हा बाया डोक्यावरच्या पाट्या उतरवून ऐकत राहिल्या म्हणे. मला फार अभिमान वाटला.

पाचवी सावळी. डोळखांबकडच्या पाड्यावरची, सोळा वर्षांची. भात आवणतानाचे, म्हणजे रोपे लावतानाचे गाणे ती असे गाई की मास्तर घड्याळ बघायचे विसरत. १९४१ची दिवाळी झाली होती. युद्धामुळे नवे मेण मिळत नव्हते. मी एकटीच उरले होते. गाणे एका दमात उत्तम भरले गेले.

तिचा आजा गोमा ओटीवर बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, नवं भात आमी आदी कणसरीला दावतो, मंग खातो. हे गाणं बी पयलं तिला ऐकवा. मंग जाव दे मंबईला."

"गोमाबाबा, सावळीच गाऊन दाखवील की देवीला."

"ती रोजच गाते. नवं ह्यात हाय."

"आज्या, मास्तरांना कशाला तरास?" सावळी म्हणाली. पण तिची नजर माझ्यावरच होती.

भरलेल्या मेणावर वाजवायची सुई फिरवू नये, चरी मोडतात, हे मास्तरांना पक्के ठाऊक होते. पण पोलादी सुईऐवजी बाभळीचा काटा लावला तर एकदा चालेल, असा त्यांनी हिशेब केला. कणसरी म्हणून मांडलेल्या भाताच्या कणसांपुढे मी वाजले.

"मी अशी गाते?" सावळी पदराआड हसली.

"नाय, ह्यापरीस बेकार," गोमा म्हणाला.

काटा पोलादापेक्षा मऊ खरा. पण मी काट्याहूनही मऊ. त्या एका फेरीत माझ्या चरींच्या कडा ढासळल्या. कारखान्याने मला चिठ्ठी लावून परत धाडले: 'सुई लागली आहे. नुसती खरखर येते.' तोवर सावळीच्या घरचे सगळे गवत कापायला भिवंडीकडे गेले होते.

चैत्रात ती परतली आणि थेट ओटीवर आली.

"मास्तर, पोचलं का गाणं मंबईला?"

मास्तर म्हणाले, "पोचलं."

"लोकं ऐकतात?"

"ऐकतात."

"मंग माझं झालं. आता भिमीला बोलवा. ती बी चांगली गाते." एवढे बोलून ती आनंदाने गेली.

मित्रांनो, मला अजून एकदा तासता आले असते. तेवढी जाडी माझ्यात होती. भोंगा जागेवर होता, गाणारी समोर उभी होती. पण लाजेने मास्तरांची जीभ उचलली नाही. पुढे सावळी घाटावर नांदायला गेली. भिमीला मास्तरांनी बोलावलेच नाही. दोन वर्षांत 'कोंब' मिटला.

म्हणून सांगते, दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर ज्याची त्याला त्याच दिवशी सांगा. सावळी रागावली असती, कदाचित रडलीही असती. आणि मग पदर खोचून पुन्हा गायली असती.