लिंबाजीचा झुरका

लिंबाजीचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी सुग्रीवनं बिडी सोडली, आणि पोळा सरता सरता त्याच्या घशात कोणीतरी येऊन बसलं.

लोकांना तो 'काहीतरी अडकलंय' असंच सांगायचा.

आधी तोंड आलं. जिभेच्या कडेला फोड, गालाच्या आतून आग. भाकरीचा घास कालवणात भिजवल्याशिवाय उतरेना. मग घशात भुईमुगाचं टरफल अडकल्यागत झालं. गिळलं तरी जाईना, खाकरलं तरी येईना. सुग्रीव दाढीचा आरसा घेऊन उन्हात उभा राहायचा, जीभ बाहेर ओढायचा आणि आत बघायचा. पार मागं, जिथं उजेड जेमतेम पोचतो, तिथं दाण्यांची रांग दिसायची. ती आधीपासून होती की आत्ताच आली, हे त्याला सांगता येत नव्हतं. धडधाकट माणसानं आपला घसा कधी बघितलेला असतो?

लिंबाजी हा त्याचा थोरला भाऊ. तो घशाच्याच रोगानं गेला. तोंड आलं तेव्हा म्हणाला होता, "उष्णता हाय." गुलकंद खाल्ला, जिऱ्याचं पाणी प्यायला, आणि बायकोसमोर तोंड उघडायचं टाळत राहिला. पाणीसुद्धा उतरेना झालं तेव्हा कुठं घरादाराला कळलं.

चारठाण्याजवळच्या आपल्या गावातून दोघं भाऊ दर हंगामाला टोळीबरोबर गंगाखेडकडं ऊसतोडीला जायचे. फडात बिडी पेटवायची ती लिंबाजीनंच. सुग्रीवचे हात मोळी बांधण्यात गुंतलेले असायचे, म्हणून पहिला झुरका घेऊन लिंबाजी तीच बिडी त्याच्या ओठांत द्यायचा. भाऊ गेल्यावर सुग्रीव स्वतः पेटवू लागला, पण पहिल्या झुरक्याचा धूर तो छातीत न घेता तसाच हवेत सोडायचा. तो लिंबाजीचा. असं वर्षभर चाललं. म्हणजे सुग्रीवनं बिडी सोडली ती एकट्याची नव्हती, भावाचीही तोडली होती. मागितल्याशिवाय मिळणारी गोष्ट अचानक बंद झाली तर माणूस मागायला येणारच. आणि येऊन बसणार कुठं? जिथून धूर निघायचा तिथंच.

भाद्रपदात लिंबाजीचं पहिलं पित्तर आलं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या दिवशी ताटात ठेवायची घरची रीत होती. आजोबाच्या ताटात पानाचा विडा असायचा, आत्याच्या ताटाशेजारी चहाची कपबशी. लिंबाजीच्या ताटात खीर, वडे, गवारीची भाजी वाढून झाली. बिडी राहिली. ती पेटलेलीच हवी. गार बिडीचं तो काय करणार? आणि पेटवायची तर कोणीतरी ओढायला पाहिजे.

सुग्रीव बंडल आणि काडीपेटी घेऊन गोठ्यामागं गेला. एकच झुरका, तोही आपला नाही. त्यानं बिडी ओठांत धरली आणि घशातलं टरफल हललं, पडल्या पडल्या कोणी चाहूल घेऊन उठून बसावं तसं. हातातली काडी विझली. त्यानं दुसरी काढली.

"भाऊजी."

लिंबाजीची बायको धुरपदाबाई गोठ्याच्या कुडाशी उभी होती.

"वैनी, ताटासाठी हाय. दादाला."

"दादाला? मग तुमच्या तोंडात कशाला?"

"वढल्याबिगर पेटत न्हाई."

"लय मोठे पुजारी लागून गेलाव! एक वढून वढून गेला. आता तुमच्या पित्तराचे वडे बी मीच तळू का?"

सुग्रीव रडकुंडीला आला. "वैनी, दादा हितं बसलाय." त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. "बिडी सोडली तवापासून. मागायलाय. दिल्याबिगर जायचा न्हाई."

धुरपदाबाई हसली नाही. जवळ आली.

"आ करा."

"नको, वैनी."

"आ करा म्हणते ना. शेवटी शेवटी त्यांचं तोंड मी कापसानं पुसलंय. मला काय त्याचं?"

त्यानं तोंड उघडलं. तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड उन्हाकडं वळवलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. तिची बोटं गार पडत गेलेली सुग्रीवला कळली.

"डाव्या गालाला आतून पांढरं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना बी..."

तिनं त्याच्या हातातलं बंडल घेतलं आणि उकिरड्यावर भिरकावलं.

"ताट तसंच ठिवा. रागावले तर माझ्यावर रागावतील. त्याची सवय हाय त्यांना."

दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दातांच्या डॉक्टर मैथिली मॅडम तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी दिवा लावून तोंडाचा कोपरान् कोपरा बघितला.

"बिडी सोडल्यावर काही जणांचं तोंड येतं. ते जाईल. मागचे दाणे सगळ्यांनाच असतात, मलाही आहेत. पण हा पांढरा डाग मी असाच सोडणार नाही. छोटा तुकडा आत्ताच काढून तपासायला पाठवते. मंगळवारी रिपोर्ट घ्यायला या."

"आन् घशातलं?"

"मला दिसतंय तिथवर तरी काही नाही. पण इतके दिवस अडकल्यासारखं वाटतंय, तर परभणीला नळीनं आत बघून घ्या. चिठ्ठी देते. बिडी मात्र पुन्हा नाही."

काही नाही. सुग्रीवला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. भरल्या घरातून कोणी न सांगता उठून गेल्यागत झालं.

परतीच्या एसटीत तो धुरपदाबाईच्या शेजारी बसला. गालातला बधिरपणा उतरत होता. सगळं घर घाबरवून झालं होतं. आता आणखी काही बोलायची त्याला लाज वाटत होती. त्यानं थुंकी गिळून बघितली. पुन्हा एकदा गिळली.

"वैनी," तो म्हणाला, "अजून हाय."

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत राहिली.

"काय म्हणायलेत?"

"काई न्हाई. नुसता बसलाय."

"बसू द्या. पण मंगळवार चुकवायचा न्हाई. परभणीला बी जायचं. मी येते संगं."

एवढं बोलून धुरपदाबाई पदर आवरत खिडकीकडं सरकली, पार पत्र्याला टेकून बसली, आणि बाकावर दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा झाली.