समासातलं लग्न

मंगळवारी इस्पितळात फेस्टीकाका मला म्हणाला, "डिंफना, मला माझ्या आईशेजारी पुरा," आणि डोळे मिटून झोपून गेला. जशी काही त्याची आई कुठे आहे हे मला ठाऊकच होतं! त्याला स्वतःला चौऱ्याहत्तर वर्षांत तिचा पत्ता लागला नाही, आणि मी कोण, तर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी बाई.

बाहेर येऊन नर्सला विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "रविवार काढला तर नशीब समजा."

काका म्हणजे तसा नात्याने आमचा कोणीच नाही. एकोणपन्नास साली आजीने त्याला काउंटीच्या, म्हणजे जिल्हा सरकारच्या, आश्रयघरातून आणलं, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. लग्नाआधी झालेली पोरं तिथे असायची. काउंटी ती शेतकऱ्यांकडे सांभाळायला द्यायची, शेतकरी त्यांना मरेस्तोवर राबवायचे, आणि वर्षातून एकदा तपासनीस बाई येऊन पोराच्या अंगात कोट आहे ना एवढं बघून जायची. पंधरा पुरी झाली की पोरगा मोकळा. बाकीचे सगळे इंग्लंडला पळाले, फेस्टी राहिला. त्याने आमच्या गाईंच्या धारा काढल्या, माझ्या बापाला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, पुढे मला आणि मॅलकीलाही नेलं. आजीला तो "मालकीणबाई" म्हणायचा. मी त्याला काका म्हणायचे. माझा थोरला भाऊ मॅलकी मात्र नुसता "फेस्टी" म्हणायचा, आजही म्हणतो.

त्या संध्याकाळी आधी मॅलकीकडेच गेले. शेत आता त्याचं, घरची कबरही त्याच्याच नावावर.

"आई नाहीच सापडली तर काकाला आपल्या कबरीत घेऊ," मी म्हटलं.

तो गोठ्यात वासराला पाजत होता. मान वर न करता म्हणाला, "एकच जागा उरलीय, डिंफे. ती आपल्या टलींची आहे. रक्ताच्या माणसाची."

"म्हणजे तुझी. मग लवकर आटप की, वादच मिटेल."

"जीभ आवर. लोक हसतील. काउंटीने पाठवलेला पोर आजी-आजोबांच्या उशाशी?"

"सत्तर वर्षं तुझ्या गाईंच्या शेणात उभा राहिला, तेव्हा नाही हसले लोक!"

त्याने बादली आपटली आणि आत निघून गेला. माझा असा संताप झाला की वाटलं, तीच बादली उचलून त्याच्या डोक्यात घालावी. पण संतापून काय होणार होतं? बुधवार उजाडला म्हणजे हातात चारच दिवस.

बुधवारी सुट्टी टाकून जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत गेले. खिडकीतल्या पोरीने तासाभराने दाखला हातात ठेवला. फेस्टस मॅनियन, जन्म अकरा मार्च एकोणीसशे चव्वेचाळीस, काउंटीचं आश्रयघर. आई ब्रिजेट मॅनियन, मोलकरीण, राहणार डेरीगॉर. बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ. झालं. आमच्या भागात ब्रिजेट म्हणजे पायलीच्या पन्नास आणि मॅनियन तर कुंपणागणिक एक. माझी आजीसुद्धा माहेरची मॅनियनच, पण ती किलब्रॅकची. किलब्रॅक आणि डेरीगॉर यांच्यामध्ये अख्खा डोंगर.

"मृत्यूच्या नोंदींत बघा ना, कुठे पुरलीय ते कळेल," मी म्हटलं.

"कुठल्या नावाने बघू?" पोरगी म्हणाली. "लग्न झालं असेल तर आडनाव बदललं असणार. नवऱ्याचं नाव आणा, मग शोधते."

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. अगं डिंफना, तुझं डोकं कुठे गहाण पडलंय! नवऱ्याचं नाव कचेरीत कशाला शोधायचं? आमच्याकडे मुलीचं लग्न जगाच्या पाठीवर कुठेही होवो, लग्न लावणारा फादर तिच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला, म्हणजे तिच्या मूळ गावच्या चर्चला, पत्र धाडतो. तिथला फादर जुनी वही काढून तिच्या नावासमोर समासात लिहून ठेवतो, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमक्याशी लग्न. एकदा लग्न झालेल्याने दुसरीकडे जाऊन पुन्हा चोरून बोहल्यावर उभं राहू नये म्हणून. म्हणजे ही ब्रिजेट बॉस्टनला गेलेली असो नाहीतर सिडनीला, तिचं लग्न डेरीगॉरच्या वहीत परत आलेलं असणार.

गुरुवारी सकाळी डेरीगॉरच्या फादर गिब्लिनच्या दारात उभी राहिले. त्यांना सर्दी झाली होती आणि अकराला अंत्यविधी होता.

"सोमवारी या, मिसेस हार्ट," ते नाक पुसत म्हणाले.

"सोमवारी माझा माणूस मेलेला असेल, फादर. मग येते, त्याच्या अंत्यविधीच्या मिस्साची वेळ ठरवायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दार उघडलं.

वही ते मला हातात देईनात. दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी त्यात असतात, म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. एक कोरा कागद ओळींवर सरकवत स्वतःच वाचत होते. मी टेबलाच्या पलीकडे, कोट अंगातच ठेवून. घड्याळ साडेदहाकडे चाललेलं.

"ब्रिजेट मॅनियन, एकोणीसशे एकोणीस, डेरीगॉर," ते म्हणाले आणि थांबले. "ही नाही. सहा महिन्यांची असतानाच गेली."

कागद सरकला. पान उलटलं. पुन्हा पान.

"एकवीस साल. ब्रिजेट मॅनियन. समासात बॉस्टनचं लग्न आहे. पण ही लेटरबेगची, डेरीगॉरची नाही."

"पुढे बघा."

"मला साडेदहाला निघायचंय, बाई."

"मेलेला माणूस कुठे पळून जातोय, फादर? बघा पुढे."

ते हसले की खोकले, कळलं नाही. मग चोवीस सालाच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "ब्रिजेट, बाप कोलमन मॅनियन, डेरीगॉर. हां, आणि समासात आहे बघा. एकोणीस फेब्रुवारी सेहेचाळीस, किलब्रॅकच्या चर्चमध्ये, पॅट्रिक टलीशी विवाह." त्यांनी चष्मा काढला. "सापडला तुमचा नवरा. टली म्हणून कोणी ओळखीचं आहे का?"

टली माझं माहेरचं आडनाव. पॅट्रिक टली माझा आजोबा. एकोणीस फेब्रुवारी ही तारीख आमच्या स्वयंपाकघरात लग्नाच्या फोटोखाली लिहिलेली असायची, मी जन्मभर वाचलेली. आजीला सगळे डीलिया म्हणायचे, पण आमच्याकडे निम्म्या ब्रिजेटांना डीलियाच म्हणतात, त्यात नवल काय! आणि मुलगी आपल्या पॅरिशमध्येच बोहल्यावर चढते, म्हणून लग्न किलब्रॅकचं तर मुलगी किलब्रॅकची, असं सगळ्या दुनियेने धरून चाललं. आजीने ते कधी खोडलं नाही. किलब्रॅकला तिचा मामा होता. पोर आश्रयघरात ठेवून ती डोंगर ओलांडून मामाकडे गेली, तिथली म्हणून लग्न करून आमच्याकडे आली. पण फादरचं पत्र गपचूप उलट्या वाटेने डेरीगॉरला गेलं आणि बाहत्तर वर्षं वहीत पडून राहिलं.

लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी ती घोडागाडी जोडून आश्रयघरात गेली आणि स्वतःचंच पोर काउंटीकडून मागून घेऊन आली! गडी म्हणून!

"मिसेस हार्ट, पाणी देऊ?" फादर म्हणाले. काहीतरी त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढे हळूच म्हणाले, "वही मी बंद केली की ती बंद असते. तुम्हीही विचार करा."

मी विचार केला नाही, गाडी पुन्हा कचेरीकडे हाणली. खात्री नको का? लग्नाच्या दाखल्यावर वधूच्या बापाचं नाव असतं. खिडकीतल्या पोरीने आजीच्या लग्नाचा दाखला काढून दिला. वधूचा बाप कोलमन मॅनियन.

मॅलकीसमोर तिन्ही कागद टेबलावर मांडले. दोन दाखले, आणि समासातली नोंद फादरनी चिठ्ठीवर उतरवून दिली होती ती. त्याने ते दोनदा वाचले.

"जाळ हे," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"जाळून टाक. म्हातारी मेलीय, तिची अब्रू तरी जिवंत राहू दे."

"आणि काका? बाबांचा एकाच आईचा भाऊ आहे तो, मॅलकी! आपला खराखुरा काका!"

"म्हणूनच सांगतो." तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "काय सांगणार त्याला? आई रोज समोर होती, तुझ्या ताटात वाढत होती, आणि मरेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही? दोन दिवस उरलेत त्याचे. हे औषध देतेयस की विष?"

मी त्याला भेकड म्हणाले आणि कागद उचलून निघाले. पण इस्पितळाच्या चाळीस मिनिटांच्या रस्त्यावर तेच डोक्यात. विष असेल तर? आई न सापडता गेला असता तर निदान मनात तिचं काही चांगलं घेऊन गेला असता. दोनदा गाडी बाजूला घेतली. दोन्ही वेळा वाटलं, खोटंच सांगावं, बॉस्टनला वारली म्हणावं, खूप लांब आहे काका, जमणार नाही. पण त्या माणसाशी आयुष्यभर सगळे खोटंच वागत आले होते. मीही त्यांच्यातलीच एक व्हायचं?

काका जागा होता. श्वास वर वर चालला होता. नर्सने पडदा ओढून घेतला.

"सापडली?" त्याने विचारलं.

"सापडली, काका."

"कुठाय?"

"आमच्या कबरीत."

त्याच्या कपाळावर आठी पडली. "तुमच्या कबरीत माझी आई कशी येईल?"

"मालकीणबाई," मी म्हटलं. मला रडू फुटलं, ते दाबता दाबता पुन्हा म्हटलं, "मालकीणबाईच रे, काका."

पडद्याच्या फटीतून मॅलकी दिसला. मला अडवायला मागोमाग आला होता आणि पोचायला उशीर झाला होता. टोपी डोक्यावरच होती.

"ती जाईपर्यंत पंचेचाळीस वर्षं," काका छताकडे बघत म्हणाला. "दिवसातून शंभरदा मालकीणबाई म्हणायचो. आणि ती ओ द्यायची." मग भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको मला तिच्याशेजारी. टाका कुठेही."

मॅलकीने माझ्याकडे पाहिलं, सांगितलं नव्हतं का मी, अशा नजरेने. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं करायला गेले आणि मरणाऱ्या माणसाच्या तोंडचं पाणीही काढून घेतलं.

मग भिंतीकडूनच आवाज आला. "एकदाच म्हणालो होतो मी तिला आई."

मी खुर्ची जवळ ओढली.

"सात वर्षांचा असेन. तपासनीस बाई आली होती. मांडीवर कागद घेऊन चुलीपाशी बसलेली. तुझा आजोबा दारात. बाईने विचारलं, हा कोट कोणी शिवला रे? तुझा बाप दिवसभर आई आई करायचा, ते ऐकून माझ्याही तोंडून गेलं, आईने. मालकीणबाई अशी धावत आली आणि अशी थोबाडीत दिली की मी फडताळावर आपटलो. मी तुझी आई नाही, म्हणाली. पुन्हा म्हणालास तर परत पाठवीन." त्याला धाप लागली. "मग ती गोठ्यात जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत आली नाही. मला वाटलं, माझी किळस आली."

"बोलू नकोस, काका. दम लागतोय."

"थांब ना." त्याने हात वर केला. काहीतरी तो मनाशी जुळवत होता, ओठ हलत होते. "त्या बाईने आधी विचारलं होतं तिला. कागदात बघून विचारलं होतं. तुम्हीसुद्धा माहेरच्या मॅनियनच ना, मिसेस टली? गाव कुठलं? आणि मालकीणबाई काही बोलायच्या आत बाईने कोटाचं विचारलं, तर मी मूर्खासारखा म्हणालो, आईने..."

वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तिने मारलं नसतं, तर त्याच दिवशी नेलं असतं ना गं मला?"

"हो," मी म्हटलं. "नेलं असतं. आणि आजोबाने तिलाही बाहेर काढलं असतं."

मग तो रडला. मी जन्मात त्याला रडताना पाहिलं नव्हतं, गाय मेली तेव्हाही नाही. पोरासारखा, तोंड न झाकता रडला. मी त्याचा हात धरून बसले आणि आजीचा मला राग आला, दया आली, काय काय आलं ते सांगता येत नाही.

"तिच्याशेजारीच," तो शेवटी म्हणाला. मग त्याची नजर पडद्याकडे गेली. मॅलकीला त्याने आता पाहिलं. अंथरुणातच जरा सावरून बसायला गेला, इतक्या वर्षांची सवय. "पण मॅलकी, तिथे एकच जागा आहे म्हणे. तुमची आहे ती."

मॅलकी आत आला. टोपी काढून त्याने पलंगाच्या कडेला ठेवली.

"सोमवारी कबर उघडून घेतो," तो म्हणाला. "तू फक्त घाई करू नकोस, काका."