परातीतला न्याय

माझे गुडघे तेव्हा इतके वाजायचे, की मी उठलो की बैल थबकायचे. गाडीच्या आसाला वंगण कमी पडलं, असं वाटायचं त्यांना. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

अशात चितेगावच्या एका औषध कारखान्यातून मीनाक्षीताई पाचोडात आल्या. गुडघेदुखीवर त्यांनी नवं औषध शोधलं होतं. उंदरांवर तपासून झालं, धडधाकट माणसांवर झालं. आता आम्हा दुखणाईतांची पाळी. देवळापुढं बसवून त्यांनी सरळ सांगितलं, "निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी, बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे मलाही कळणार नाही. दोन्हींत फरक दिसला तरच औषध पुढं जाईल. नाहीतर माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात."

आम्ही राजीखुशीनं हो म्हणालो. डब्या घरोघर गेल्या.

पुढच्या खेपेला ताईंनी सगळ्यांचे गुडघे तपासले आणि मटकन खाली बसल्या. "सगळ्यांना सारखाच थोडा थोडा आराम! असं कसं?"

माझी बायको द्वारकाबाई ठसक्यात म्हणाली, "शेजारणीला खरी अन् मला कोरी, ह्यो कुठला न्याय? समद्यांच्या गोळ्या परातीत कालवल्या अन् सारख्या वाटल्या. हुरडा बी आम्ही असाच वाटतो!"

"मावशी, तुमच्या न्यायानं माझं औषध मेलं हो."

द्वारकाबाईचं तोंड उतरलं. "पुन्यांदा मांड, बाई. आता मी बघते."

पहिल्या गोळ्यांचा असर उतरू दिला आणि डाव पुन्हा मांडला. रोज सकाळी आमच्या ओट्यावर रांग. आपल्याच डबीतली गोळी द्वारकाबाईसमोर गिळायची, आ करून दाखवायचा. शेजारच्या कारभारीनं एकदा गालात दडवली. तिनं असे डोळे वटारले, की गोळी भिऊन आपली आपण पोटात उतरली.

शेवटी कुणाच्या डबीत काय होतं ते उघड झालं. खऱ्या गोळीवाले तुरुतुरु चालत होते, कोरीवाले बहुतेक लंगडतच होते. ताईंनी द्वारकाबाईला मिठीच मारली.

मी मात्र ऐटीत पुढं झालो. "ताई, परवा पैठणला पळत गेलो अन् भाकर गार व्हायच्या आत परत आलो. काय तुमची गोळी!"

"काका, तुमच्या डबीत कोऱ्या होत्या."

"नाय!"

"व्हय," ताई हसल्या. "तुमच्यासारखे भेटतात, म्हणून तर कोऱ्या ठेवाव्या लागतात."

औषध दुकानात आलं, तेव्हा ताईंनी पहिलं पाकीट आम्हाला धाडलं. मी ते द्वारकाबाईला दिलं आणि उलट निरोप पाठवला, "मला आपल्या कोऱ्याच पाठवा. लई गुणकारी हायेत."