दाराच्या फटीतून आलेला अर्ज

सरिता गेली ते मला अनसिंगच्या बाजारात कळलं. फोन खिशात वाजत होता, मला ऐकू येत नव्हता. भाजीवालीनं खूण केली. पलीकडे मुलगी सपना रडत होती. सकाळी दवाखान्यात सोडलं तेव्हा सरिता बसून बोलत होती.

माझा डावा कान तोफखान्याच्या नोकरीत गेला. त्याची पेन्शन मागायचं सरितानंच मनावर घेतलं होतं. अर्ज दिला म्हणून तिनं सांगितलं, पण उत्तर काही आलं नाही. ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी वाशिमला माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. तिथले बाबू मोहनसिंग, स्वतः निवृत्त हवालदार.

"नवा अर्ज द्या, धम्मपालभाऊ. थकबाकीले अर्ज पोचला त्या तारखेपासून मागचे तीन वर्षं धरतात."

"जुना हाय ना. बायकोनं देला. चौदा एप्रिल, दोन हजार बावीस."

त्यांनी आवक रजिस्टर काढलं. त्या तारखेला नोंदच नव्हती.

मला नवा अर्ज द्यायचा नव्हता. सरितानं अर्ज दिलाच नाही, असं कागदावर राहिलं असतं.

रजिस्टर चाळताना मोहनसिंग मधेच थांबले. "चौदा एप्रिलले हापीस कोण उघडते, भाऊ? तुमीच जयंतीच्या मिरवणुकीत असान."

"मी नाचून राह्यलो होतो. ती मधात कुठंतरी जाऊन आली. चांगलं काम ती त्याच दिवशी करे. मिक्सरही त्याच दिवशी आणला."

"मंग कायले सुट्टीचं पान पाहून राह्यलो आपण?"

पुढं लागून सुट्ट्या होत्या. अठरा तारखेच्या पानावर नोंद निघाली: अर्ज दाराच्या फटीतून मिळाला. अर्जही फाइलीत सापडला. सैनिक क्रमांक लिहायचा राहिला, म्हणून तो पडून होता. मोहनसिंग मोठ्यानं वाचू लागले, "माझ्या नवऱ्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं येतं, पण तो ऐकत नाही."

सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"वहिनीची चौदा चालत नाही, अठरा चालते," मोहनसिंग म्हणाले. "मंजूर वरचे करतीन. मी हेच तारीख टाकून पाठवतो."

मी क्रमांक लिहून दिला.

"आता वहिनीच्या मृत्यूचा दाखला जोडा. कुटुंबाच्या रकान्यातून नाव काढा लागते."

दाखला माझ्या पिशवीतच होता. उद्या आणतो, असं मी म्हणालो.

त्याला दीड महिना झाला. दाखला अजून दिलेला नाही.